मुक्कामाला कोण राहणार?

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या आत्याला मधुमेह होऊन आता पुष्कळ वर्षे झाली. पुण्यातल्या तिच्या मुलाने गेल्या वर्षी तिच्यासाठी एका कंपनीची वार्षिक योजना घेतली. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा सेन्सर चिकटवायचा, दोन आठवड्यांनी तो बदलायचा, आणि त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजून त्याने मोबाईलवर काढलेला चढउतार पाहत राहायचे. सोबत एक ‘हेल्थ कोच’ होती. गोड, स्वच्छ मराठी बोलणारी ती मुलगी आठवड्यातून एकदा फोन करी, काय खाल्ले ते विचारी, ताटाचे फोटो मागवी. आत्या आधी कुरकुरली आणि मग त्यात रमली. फेब्रुवारीत पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आली, तेव्हा चार मणी खाऊन ती मोबाईल हातात घेऊन बसली आणि रेघ वर जाताना पाहून मला म्हणाली, “बघ, हे मला इतक्या वर्षांत कोणी दाखवलंच नव्हतं.” एका सकाळी तिच्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला. महिनाअखेरीस ही सेवा बंद होत आहे, आपली माहिती त्यापूर्वी उतरवून घ्यावी, उरलेल्या पैशांबाबत अटी व शर्ती पाहाव्यात. मी तो तिला मराठीत वाचून दाखवला. तिने दोनच गोष्टी विचारल्या. “म्हणजे ती मुलगी आता फोन करणार नाही का?” आणि थोड्या वेळाने, “मग माझं सगळं आता कोणाकडे आहे?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे उत्तर मला देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. पैशांचा विषय वेगळा; ते काही महिन्यांनी परत आलेही. मला बोचत होते ते हे की एका वृद्ध बाईच्या शरीराचा जवळजवळ वर्षभराचा वृत्तांत कोणीतरी गोळा केला, तिला त्याची सवय लावली, आणि मग तो कोणाच्याही हाती न सोपवता उठून गेला. आमच्या लहानपणी रविवार कारंज्याजवळ आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. जिन्याखालच्या त्या खोलीत स्पिरिटचा आणि ओल्या लाकडाचा वास असे. कंपाउंडर गुलाबी औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या खुणा कापलेली कागदी पट्टी डिंकाने चिकटवून देई, आणि मागच्या कपाटात पत्र्याच्या डब्यांतून प्रत्येक घराची कार्डे उभी लावलेली असत. आजोबांच्या दम्यापासून माझ्या गोवरापर्यंत सगळे त्या एका डब्यात होते. वय झाल्यावर डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचे ठरवले, तेव्हा शेवटचे काही महिने ते एकेका घराला बोलावून घेत होते. कार्ड हातात देत, त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात गोषवारा लिहिलेला असे, आणि पुढे कोणत्या डॉक्टरांकडे जायचे तेही सांगत. आत्याच्या कार्डावर पेनिसिलिन द्यायचे नाही, हे त्यांनी लाल शाईने लिहून ठेवले होते. ते कार्ड आजही तिच्या कपाटात आहे.

तो दवाखानाही बंदच झाला. पण रुग्ण सोपवून बंद झाला.

तंत्रज्ञानाच्या धंद्यात अफाट पैसा कमावलेली माणसे आरोग्यसेवेत उतरतात, तेव्हा त्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नसते. ती हुशारच असतात. माझी शंका त्यांच्या मुक्कामाबद्दल आहे. गुगलने २००८ मध्ये लोकांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र ठेवण्याची सेवा सुरू केली आणि २०१२ च्या आरंभी ती बंद केली. ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन या तीन धनाढ्य कंपन्यांनी जानेवारी २०१८ मध्ये एकत्र येऊन आपल्या दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च आटोक्यात आणण्याचे जाहीर केले. त्या उपक्रमाच्या प्रमुखपदी डॉ. अतुल गावंडे यांची निवड झाली, तेव्हा आपल्याकडे अनेकांना आनंद झाला होता, कारण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. उत्तम शल्यविशारद, रुग्णाच्या बाजूने विचार करणारा माणूस, आणि पाठीशी कुबेराचे भांडार. तरीही २०२१ च्या सुरुवातीला ‘हेवन’ नावाचा तो उपक्रम गुंडाळला गेला. ॲमेझॉनची स्वतःची ‘केअर’ नावाची सेवा २०१९ मध्ये निघाली आणि २०२२ च्या अखेरीस संपली. ब्रिटनमधल्या बॅबिलॉन कंपनीने तर २०२० मध्ये रवांडाच्या सरकारशी दहा वर्षांचा करार केला होता. मोबाईलवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या तिच्या सेवेत त्या गरीब देशातल्या लाखो लोकांनी नाव नोंदवले होते. २०२३ मध्ये मूळ कंपनी कोसळली आणि रवांडातली सेवाही बंद पडली. दहा वर्षांच्या कराराची ती तीन वर्षे वाचताना मला आत्याचा मोबाईल आठवत होता.

या सगळ्यांनी लबाडी केली, असे मी म्हणत नाही. संगणकाच्या क्षेत्रात जे चालत नाही ते लवकर बंद करणे हा सद्गुण मानला जातो, आणि तिथे तो असेलही. फोटो ठेवण्याचे ॲप बंद पडले तर माणूस दुसरे घेतो. मधुमेह मात्र तीस-चाळीस वर्षे सोबत असतो. गर्भारपण नऊ महिने चालते आणि त्यानंतरचे बाळाचे लसीकरण काही वर्षे चालते. क्षयाचा औषधोपचार मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. या नव्या कंपन्यांमागे असलेल्या गुंतवणूक निधींची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि त्या मुदतीत घातलेला पैसा अनेक पटींनी बाहेर काढायचा असतो. म्हणजे पैशाचे वेळापत्रक आधी ठरते आणि आजाराने त्यात बसावे, अशी अपेक्षा केली जाते. आजार तसा बसत नाही. मग ज्याला जाणे परवडते तो जातो. रुग्णाला स्वतःच्या शरीरातून उठून जाता येत नाही.

अमेरिकेतल्या थेरानोसची हकिकत आता सर्वांना ठाऊक आहे. एकोणीस वर्षांच्या एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये काढलेली ती कंपनी, बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबातून असंख्य तपासण्या करण्याचे तिचे आश्वासन, ९०० कोटी डॉलरपर्यंत पोचलेले मूल्यांकन, आणि २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमधून जॉन कॅरेरू यांनी केलेला उलगडा. मी त्यातल्या दोन गोष्टींपाशी थांबतो. पहिली गोष्ट अशी की त्या दाव्यातली अडचण कोणत्याही प्रयोगशाळेतल्या अनुभवी तंत्रज्ञाला कळण्यासारखी होती. बोट पिळून काढलेल्या थेंबात ऊतींमधला द्रव मिसळतो, तांबड्या पेशी फुटतात, आणि मग पोटॅशियमसारखे आकडे खोटेच वाढलेले दिसतात. म्हणूनच दंडाला पट्टा बांधून शिरेतले रक्त घेतात. पण त्या कंपनीच्या संचालक मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखे माजी परराष्ट्रमंत्री बसले होते, आणि ज्यांनी पैसे घातले त्यांत माध्यमसम्राट व दुकानसाखळ्यांचे मालक होते. ज्यांना विचारायला हवे होते, त्यांना कोणी विचारले नाही. दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने होम्सला दोषी ठरवले ते गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांवर तिला दोषी ठरवण्यात आले नाही. एका गर्भवतीने त्या न्यायालयात साक्ष दिली होती. गर्भ टिकत नसल्याचे दाखवणारा अहवाल तिच्या हाती पडला होता, प्रत्यक्षात तिचे बाळ सुखरूप होते आणि पुढे ते जन्मलेही. तो अहवाल हाती आल्यानंतर तिने घालवलेल्या रात्रींचा हिशेब त्या निकालात कुठेच नाही. सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली, ती श्रीमंतांचे पैसे बुडाले म्हणून.

माझा भाचा बंगळूरला अशाच एका कंपनीत अभियंता आहे. दिवाळीत तो आला, तेव्हा गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत आमचे बराच वेळ बोलणे झाले. तो तळमळीने बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यातले पुष्कळसे खरे होते. “मामा, तुम्ही जुन्या डॉक्टरांचं कौतुक करता, पण कट प्रॅक्टिस काय कंपन्यांनी आणली? तपासणीला पाठवायचं आणि मागून टक्केवारी घ्यायची, हे आमच्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.” ते नाकारता येत नाही. त्याविरुद्ध कायदा करण्यासाठी आपल्या राज्यात २०१७ मध्ये मसुदा तयार झाला आणि तो मसुद्यातच राहिला. सुरगाण्याच्या बाईने त्वचारोगतज्ज्ञाला पाच मिनिटे भेटण्यासाठी दोन बस बदलून नाशिकला यायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि सिव्हिलच्या रांगेत उभे राहायचे, यापेक्षा मोबाईलवर दाखवलेले काय वाईट, हाही त्याचा प्रश्न रास्त होता. मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि टाळेबंदीत अनेकांना त्यांचा आधार झाला. लोक या कंपन्यांकडे धावतात ते हौसेने धावत नाहीत. डिपॉझिट भरल्याशिवाय पेशंट आत घेत नाहीत, बिलातली ओळ समजावून सांगत नाहीत, प्रश्न विचारला तर डॉक्टर चिडतात, या अनुभवांनी पोळलेली माणसे ॲपवरच्या हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायला तयार होतात. हे मला दिसते, आणि म्हणून नुसते संतापून मोकळे होणे मला जमत नाही.

तरी मी त्याला एक गोष्ट विचारली. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावले. त्या दुपारी शहरभर जी शांतता पसरली होती, ती आठवली की अजून पोटात खड्डा पडतो. तिथे काय हवे होते? टाकीची झडप रोज पाहणारा माणूस, ती तुटली तर काय करायचे याची तालीम, भरलेली पर्यायी सिलिंडर, आणि त्या खात्यावर वर्षानुवर्षे टिकलेला कर्मचारी. या कामात चकाकी नाही, त्यावर बाजारात मूल्यांकन मिळत नाही, आणि म्हणून तिकडे कोणी धनाढ्य तरुण वळत नाही. आरोग्यसेवेचा बहुतांश भार अशाच कामांवर उभा आहे. भाचा काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “त्याला कोणी पैसे देत नाही, मामा.” तो स्वतःच्या क्षेत्राबद्दल खरे बोलत होता.

श्रीमंतांनी आरोग्यसेवेत पैसा घालणे हे मुंबई-नाशिकच्या माणसाला मुळीच नवे नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ चे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम १९२६ चे, आणि तिथे तर विश्वस्तांची अट होती की अध्यापक भारतीय असावेत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ चे. आमच्याकडे कोणाच्या घरी वाईट निदान झाले की “टाटाला न्यावं लागेल” असे हळू आवाजात म्हणतात, आणि मग पहाटे पंचवटी एक्स्प्रेसने फाइलींची पिशवी छातीशी धरून माणसे दादरला उतरतात. त्या देणगीदारांचा पैसा कसकशा व्यापारातून आला, हा स्वतंत्र आणि सगळाच सुखद नसलेला विषय आहे. पण त्यांनी पैसा दिला आणि रुग्णावर काय उपचार करायचे हे डॉक्टरांवर सोडले. त्या संस्था पुढे सार्वजनिक झाल्या वा सार्वजनिकच होत्या, देणारे गेले आणि इमारतीत रुग्ण येत राहिले. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे गेले, तेव्हा कोणत्याही रुग्णाला आपला कागद उतरवून घ्या असे सांगावे लागले नाही.

आजच्या श्रीमंतांतही मला पटलेले एक उदाहरण आहे. अमेरिकेत मार्क क्यूबन यांनी जानेवारी २०२२ मध्ये सुरू केलेले औषधांचे ऑनलाइन दुकान खरेदीच्या किमतीवर १५ टक्के आणि ठरावीक हाताळणी खर्च लावते आणि ते सगळे उघड लिहून दाखवते. तिथे रोगाचे निदान करण्याचा आव नाही. व्यापाऱ्याला कळणाऱ्या प्रश्नाला, म्हणजे भावाला, त्याने हात घातला. आपल्याकडे मात्र औषधांच्या ऑनलाइन धंद्यात वेगळाच वेग दिसला. फार्मइझीच्या मालक कंपनीने २०२१ मध्ये डॉ. ए. वेलुमणी यांच्या थायरोकेअरमधला ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना घेतला. एका शास्त्रज्ञाने पाव शतक खपून, तपासणीचा भाव खाली आणत उभी केलेली प्रयोगशाळा अशी काही आठवड्यांत हस्तांतरित झाली. दोनच वर्षांनी कर्ज फेडण्यासाठी त्याच खरेदीदार कंपनीला आपले शेअर सुमारे ९० टक्के कमी भावाने काढावे लागले. गोळे कॉलनीतल्या घाऊक औषध दुकानदारांना विचारले, तर ते सवलतींच्या त्या काळाबद्दल कडवटपणे बोलतात, आणि त्यांचाही त्यात स्वार्थ आहे, हे मी विसरत नाही. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके देणारे दुकानदार याच शहरात आहेत. पण आत्याचा कोपऱ्यावरचा औषधवाला तिला अर्धी पट्टी कापून देतो, दोन गोळ्यांत एकच औषध आहे हे त्यानेच एकदा ओळखले होते, आणि परतावा कमी पडला म्हणून तो एखाद्या सकाळी नाहीसा होईल, असे तिला कधी वाटत नाही.

तंत्रज्ञानाला विरोध, असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊ नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे ओळखण्यासाठी मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या अनेक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून तिथे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले एक साधे साधन तयार झाले. तेही तंत्रज्ञानच. ते बनवणाऱ्यांना ती सुईण नावानिशी माहीत होती. ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून तयार झालेल्या स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांचे वजन केले, त्यांना उबेत ठेवले, गरज पडली तिथे इंजेक्शनही दिले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले, म्हणजे जगातल्या कोणालाही ते तपासता आले. देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत यायला २०११ उजाडले. इतका काळ एका जागी राहण्याची तयारी कोणत्या गुंतवणूकदाराने दाखवली आहे?

मला वाटते, आपण अशा कंपन्यांना त्यांच्या आश्वासनांबद्दल फार विचारतो आणि त्यांच्या जाण्याबद्दल कधीच विचारत नाही. डॉक्टरांना वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बांधले आहे: आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. हे नियम डॉक्टरांसाठी आहेत, ॲपच्या मालकासाठी नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, आणि त्यात संमती व माहिती पुसून टाकण्याचे हक्क आहेत. पण आत्याला काही पुसायचे नव्हते. तिचा वर्षभराचा चढउतार तिच्या डॉक्टरांना समजेल अशा कागदावर, तिच्या भाषेत लिहून कोणीतरी त्यांच्याकडे द्यायला हवा होता. शेवटी पुण्याहून तिच्या मुलाने एक फाइल उतरवून पाठवली. हजारो आकड्यांचे ते तक्ते पाहून तिच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की एवढे वाचायला त्यांच्यापाशी वेळ नाही, आणि त्यांनी तिची तीन महिन्यांच्या सरासरीची नेहमीची तपासणी पुन्हा लिहून दिली.

सध्या आमच्या सोसायटीत एका नव्या कंपनीच्या मोफत रक्ततपासणी शिबिराचा प्रस्ताव आला आहे. शिबिरात नाव, मोबाईल क्रमांक आणि आधार घेऊन प्रत्येकाचे खाते उघडले जाणार आहे. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या मदतीने मी तीन प्रश्न लिहून त्यांच्या प्रतिनिधीकडे दिले आहेत. अहवालावर कोणत्या पॅथॉलॉजिस्टची सही असेल? अहवालात गंभीर काही निघाले, तर त्या दिवशी रुग्णाला कोण फोन करील आणि कोणत्या रुग्णालयात पाठवील? आणि कंपनीने ही सेवा बंद केली, तर आमच्या नोंदी कोणत्या डॉक्टरांकडे, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत पोचतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणाने लगेच दिले. दुसऱ्यासाठी त्याने मदतकेंद्राचा क्रमांक दिला. तिसऱ्याबद्दल वरिष्ठांना विचारून कळवतो, असे तो नम्रपणे म्हणाला. लेखी उत्तर येईपर्यंत सभागृह देऊ नये, असे मत मी बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवले आहे. काही सभासद नाराज आहेत, कारण बाहेर त्याच तपासण्यांना हजार-दीड हजार रुपये पडतात आणि ती रक्कम प्रत्येकाला सहज झेपणारी नाही. त्यांची नाराजी मला समजते. म्हणून पुढच्या बैठकीत मी दुसराही ठराव मांडणार आहे: ज्यांना तपासणीची खरोखर गरज आहे, त्यांची यादी पॅथॉलॉजिस्ट बाईंकडून करून घ्यावी, आणि सोसायटीच्या निधीतून शहरातल्याच एखाद्या प्रयोगशाळेत त्यांच्या तपासण्या करून द्याव्यात.